आधी मुळं, मग तोडणं

निवडुंगाचं बाळ भर उन्हात ठेवलं तर मरतं.

हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. निवडुंग म्हणजे वाळवंट आणि वाळवंट म्हणजे ऊन, हे शाळेच्या पुस्तकातल्या चित्रापासून आपल्या डोक्यात बसलेलं असतं. ज्याच्या हातून झाडं जगत नाहीत त्याला वाढदिवसाला निवडुंग भेट देतात, कारण ‘त्याला काही करावं लागत नाही’. मोठ्या निवडुंगाबाबत हे बरंचसं खरं आहे. पण बियातून नुकतं वर आलेलं रोप मोहरीच्या दाण्याएवढं असतं. हिरवा, गुळगुळीत, पाण्याने भरलेला एक ठिपका. त्याच्या अंगात साठवण नसते. मुळं केसासारखी आणि जेमतेम वरच्या मातीत. ती माती पूर्ण सुकली की ठिपका संपला. त्याला सावली लागते, ओल लागते आणि डोक्यावर झाकण लागतं.

वाळवंटातसुद्धा असंच असतं. सिनेमात दिसतो तो हात वर केलेला उंच निवडुंग म्हणजे सग्वारो. तो अमेरिकेतल्या ॲरिझोनात आणि मेक्सिकोत, सोनोरन वाळवंटात वाढतो. पहिल्या आठ वर्षांत त्याची उंची जेमतेम एक-दीड इंच होते. पहिला हात फुटायला ५० ते ७५ वर्षं लागतात. ही सुरुवातीची वर्षं तो बहुधा दुसऱ्या एखाद्या झाडाखाली काढतो, पालो व्हर्दे किंवा मेस्कीटच्या सावलीत. अशा झाडाला इंग्रजीत नर्स प्लांट म्हणतात. आपण दाई म्हणू. दीडशे वर्षं ताठ उभं राहणाऱ्या झाडालाही आधी दाई लागते.

मी अठ्ठावीस वर्षांची आहे. वाकडला भाड्याच्या वन बीएचकेत राहते, हिंजवडीला नोकरी करते. घराचा करार अकरा महिन्यांचा आणि कामाचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा. आमच्याकडे ‘लाँग टर्म’ म्हणजे पुढची तिमाही. अशा आयुष्यात, पूर्वेकडच्या सहा बाय चारच्या बाल्कनीत माझ्या चौसष्ट कुंड्या आहेत. त्यातल्या कित्येकांना फूल यायला अजून काही वर्षं आहेत. तोपर्यंत मी या घरात असेन का, या शहरात असेन का, हे मला माहीत नाही.

एक झाड आणलं की निवडुंगाची झाडं वाढत जातात. मॅमिलारियाला बुडाशी पिल्लं येतात. ती हलक्या हाताने पिळून काढायची आणि वेगळी लावायची. उंच खांबासारख्या जातीचा शेंडा कापून लावता येतो. फड्याचं एक पान, म्हणजे खरं तर पानासारखं चपटं खोड, मातीत टेकवलं तरी नवीन झाड होतं. काटे हीच त्यांची पानं, काट्यांत बदललेली. आणि ते काटे जिथून निघतात त्या लोकरी गादीला अॅरिओल म्हणतात. अॅरिओल असेल तर ते झाड निवडुंगाच्या कुळातलं. नसेल तर कितीही काटेरी दिसलं तरी ते दुसरं काहीतरी.

शेंडा कापून लावण्याची रीत सोपी आहे. धारदार पातं स्पिरिटने पुसून घ्यायचं आणि एका दमात कापायचं. कापलेल्या भागाच्या मधोमध एक गोल कडं दिसतं. ती त्याची पाणी वाहून नेणारी नळी, आणि नवी मुळं बहुधा तिथूनच फुटतात. कड्यात तपकिरी किंवा नारिंगी डाग दिसला तर सड वर चढली आहे. मग स्वच्छ हिरवट पांढरा गर दिसेपर्यंत आणखी कापत जायचं.

आणि मग काहीच करायचं नाही.

शेंडा सावलीत कागदावर ठेवून द्यायचा. पिल्लू असेल तर चार-सहा दिवस, मनगटाएवढं जाड खोड असेल तर दोन-तीन आठवडे. ना माती, ना पाणी. कापलेल्या जागेवर हळूहळू खपली धरते, कडक आणि कोरडी. ती धरल्यावरच मातीवर ठेवायचं, आणि तीही कोरडी माती. पाणी त्यानंतर, थोडं थोडं. ताजी जखम ओल्या मातीत ठेवली तर बुरशी आत शिरते आणि शेंडा खालून सडत जातो. शेंड्याच्या अंगात स्वतःचं पाणी असतं. मुळांशिवाय तो कितीतरी आठवडे तग धरतो. घाई आपल्याला असते, त्याला नसते.

आप्पा गेले तेव्हा मला हे सगळं माहीत होतं.

*

आमचं गाव सांगोला तालुक्यात, माण नदीच्या बाजूला. पर्जन्यछायेतला मुलूख. इथे डाळिंबाने पैसा आणला आणि डाळिंबानेच नेला. आमची दोन एकर बाग आधी तेल्याने खिळखिळी केली, मग खोडकिड्याने संपवली. खोडाला टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं पडायची आणि वरचं झाड उभ्या उभ्या वाळायचं. आप्पांनी जेसीबी लावून झाडं काढली. परड्यातली चार तेवढी ठेवली. दोन वर्षांपूर्वी कार्तिकात ते गेले. छातीत दुखायला लागलं, आणि तालुक्याला पोचेपर्यंत सगळं झालं होतं.

तेराव्याला जेवणं उरकली आणि ओसरीवर माणसं बसली. मामा, काका, भावकीतले दोन-तीन जण, बंगळुरूहून आलेला माझा धाकटा भाऊ. सगळ्यांचं एकमत होतं. आईला आता इथे एकटीला ठेवायचं नाही. घराला कुलूप लावायचं, शेत वाट्याने द्यायचं, आणि पोरीकडे पुण्याला न्यायचं. आजच. गाडी आहेच. कारणं खरी होती. आईला बीपी आहे, रात्री उठते, परड्यात साप निघतात. भाऊ म्हणाला, “इथं राहून ती रडतच बसणार.”

आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, “वर्षश्राद्ध हुईपतोर मी ह्या घरातनं हलायची न्हाई.”

माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली, पुण्यात राहणारी. मीच तिला समजावीन, असं त्यांना वाटत होतं. मी म्हणाले, “राहू दे तिला.”

काका पुढे बरेच महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. भाऊ फोनवर म्हणाला, “तुला तुझ्या फ्लॅटमध्ये अडचण नको असेल.” ते लागलं. पण मला ओसरीवर त्या क्षणी कागदावर ठेवलेला शेंडा दिसत होता. आईची तुलना निवडुंगाशी केली म्हणून कुणी हसलं असतं, म्हणून मी ती बोलले नाही. एवढंच वाटत होतं, की आज कापलंय आणि आजच दुसऱ्या मातीत लावायचं म्हणतायत.

ते वर्ष सोपं नव्हतं. मी दर दुसऱ्या शुक्रवारी रात्रीची एसटी धरायची आणि रविवारी परतायची. रोज रात्री नऊला फोन. तो एकदा लागला नाही तेव्हा मी शेजारच्या वहिनींना अकरा वाजता उठवून पाठवलं. आई झोपली होती, फोन चार्जिंगला. आमचे क्लायंट अमेरिकेतले, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत कॉल चालतात. ते संपल्यावर मी बाल्कनीत जाऊन उभी राहायचे. निवडुंगही नाइट शिफ्ट करतो. बाकीची बरीचशी झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडतात. हा दिवसा बंद ठेवतो, कारण उघडली तर उन्हात पाणी उडून जाईल. रात्री गारव्यात उघडतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी दारं बंद ठेवून त्याच्यावर काम करतो. म्हणजे त्या वेळी मी एकटीच जागी नव्हते.

*

वर्षश्राद्ध झालं आणि फेब्रुवारीत आई आली. “आठ दिवस,” म्हणाली. पिशवीत दोन धडुतीं, ज्वारीचं पीठ आणि शेंगा.

बाल्कनी बघून तिने कपाळाला हात लावला. “काटं घरात ठिवत्यात व्हय?” मग वाकून एकेक बघत गेली. “ह्यो कुठला निवडुंग? निवडुंगाला चीक असतो.”

तिचं बरोबर होतं आणि माझंही. आमच्याकडे कुंपणाला असतो तो धारी निवडुंग, पांढरा चीक निघणारा, तो युफोर्बिया. एरंडाच्या कुळातला, आणि आपल्याकडचाच. खरे निवडुंग जवळजवळ सगळे अमेरिका खंडांतले. बांधावरचा फड्या मात्र खरा निवडुंग आहे, आणि तो परदेशातून आलेला. त्याच्यावर पोसणाऱ्या किड्यापासून किरमिजी रंग काढता येतो, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ मध्ये, ब्राझीलहून तो किडा भारतात आणला. आला तो भलताच निघाला. रंग काही धड मिळाला नाही, पण त्याने फड्याच्या एका जातीचा फडशा पाडला. किडा सोडून तण आटोक्यात आणता येतं, हे जगाला त्यातून कळत गेलं.

आईला किड्यात रस नव्हता. ती म्हणाली, “बहात्तरच्या दुष्काळात तुझ्या आजीनं फड्याचं काटं जाळून म्हशीला घातलंत.” आता उरुळीकांचनची बाएफ संस्था बिनकाट्याचा निवडुंग चारा म्हणून लावायला शेतकऱ्यांना शिकवते, हे मी तिला सांगितलं. “मग आजी काय येगळं करत हुती,” ती म्हणाली.

एका कुंडीशी ती थांबली. नर्सरीत हमखास मिळतो तो, खाली हिरवा तिधारी दांडा आणि वर लालभडक गोळा. मी सांगितलं, की ही दोन झाडं आहेत. वरचा जिम्नोकॅलिशियम. त्याच्यात हरितद्रव्यच नाही, त्यामुळे त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. १९४१ च्या सुमारास जपानमध्ये अशी लाल रोपं पहिल्यांदा कलम करून जगवली. एरवी ती उगवल्यावर थोड्याच दिवसांत मरतात. खालचा दांडा ड्रॅगन फ्रूटचा. तो कमावतो म्हणून वरचा जगतो.

आई बराच वेळ बघत राहिली. “म्हंजी खालचं कमावतंय आन वरचं नुसतं बसून खातंय. दिसायला मातूर झ्याक.” मग आत जाता जाता म्हणाली, “मला तसलं नगं करू.”

मी काही बोलले नाही. तेराव्याच्या दिवशी दारात उभी राहून ती नेमकी कशाला घाबरली होती, ते मला तेव्हा कळलं.

*

त्याच आठवड्यात मी बिया पेरणार होते. ॲस्ट्रोफायटमच्या पन्नास बिया. तपकिरी, चकचकीत, टोपीसारख्या. पुण्यात पेरायला फेब्रुवारी बरा. थंडी सरलेली असते, आणि पावसाळ्यातल्या बुरशीला अजून वेळ असतो.

तुम्हाला करायचं असेल तर रीत सांगते. चाळलेलं, धुतलेलं कोकोपीट, जाड वाळू आणि पर्लाइट सारख्या भागांत घ्या. बिर्याणी येते तसला पारदर्शक झाकणाचा डबा घ्या. मिश्रण अर्धा तास वाफवा, म्हणजे त्यातली बुरशी आणि चिलटांची अंडी मरतील. मी इडलीपात्र वापरते.

“माझ्या देखत इडलीच्या भांड्यात माती?” आई किंचाळली. ते भांडं त्या दिवसापासून मातीचं झालं आणि इडलीसाठी तिने नवीन आणायला लावलं.

मिश्रण गार झाल्यावर डब्यात भरा. बिया वर नुसत्या पसरा. पुरू नका, त्यांना उजेड लागतो. उकळून गार केलेलं पाणी फवारा, झाकण लावा आणि वर तारीख लिहा. डबा उजेडात ठेवा, उन्हात नाही. मी एलईडी ट्यूबखाली ठेवते, दिवसाचे बारा तास. आत ओल राहते, त्यामुळे कितीतरी आठवडे पाणी घालावं लागत नाही.

चौथ्या दिवशी पहिली टोपी फुटली. आईचे आठ दिवस संपत आले होते. तिने जाणं पुढे ढकललं. “किती निघत्यात बघू तरी.” दोन आठवड्यांत सदतीस निघाली. ती रोज सकाळी चष्मा लावून मोजायची आणि आकडा फ्रिजवरच्या कागदावर लिहायची. बाहेरच्या जगात माझ्या टीमचा डॅशबोर्ड होता, घरात हा.

मग एका सकाळी कोपऱ्यातली सहा आडवी पडलेली दिसली. पाणचट, बुडाशी काळी. “मर लागली,” आई म्हणाली. डाळिंबाच्या बाईला हे कुणी सांगावं लागत नाही. तिने चमचा घेतला आणि ती सहा, त्यांच्या भोवतीच्या मातीसकट आणि शेजारच्या दोन चांगल्या दिसणाऱ्या रोपांसकट उचलली. “ती दोन चांगली होती,” मी म्हणाले. “आज हुती,” ती म्हणाली. एकोणतीस राहिली, आणि मर पुढे सरकली नाही.

पुढचं काम सावकाशीचं असतं. झाकण एकदम काढायचं नाही. आधी एक भोक, आठवड्याने दुसरं, मग झाकण तिरकं. महिनाभराने उघडं. रोपं लालसर व्हायला लागली तर उजेड जास्त होतोय. लांबट आणि फिकी झाली तर कमी पडतोय. मधोमध पहिले इवले काटे दिसले तरी वेगळं लावायची घाई करायची नाही. खेटून असलेली रोपं चांगली वाढतात, असा निवडुंग वाढवणाऱ्यांचा अनुभव आहे. ती एकमेकांना ढकलायला लागली, की मग वेगळ्या कुंड्या.

एका संध्याकाळी मी एका उंच झाडाचा शेंडा कापून कागदावर ठेवला. आई भाजी निवडत बघत होती. किती दिवस ठेवायचा, तिने विचारलं. तीन आठवडे, मी म्हणाले.

“उलटंच हाय तुझं,” ती म्हणाली. “आमच्यात आधी मुळं फुटू देत्यात, मग तोडत्यात.”

ती गुटीबद्दल बोलत होती. डाळिंबाची रोपं तशीच करतात. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी फांदी निवडायची, बोटाच्या पेराएवढी साल गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ लावून प्लास्टिकने घट्ट बांधायचं. फांदी झाडावरच असते, झाडाचंच पाणी पिते. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून मुळं दिसायला लागतात, आधी पांढरी, मग तपकिरी. तपकिरी झाली की खालून कापायचं. आप्पा साल काढायचे आणि आई बांधायची. एका दिवसात दोन-दोनशे.

“निवडुंगाला चालतं ते,” ती म्हणाली. “त्याच्या अंगात पानी असतं. डाळिंबाची फांदी तोडून तशी ठिवली तर दुपारपतोर वाळंल.”

मी वर्षभर मनात एकच रीत धरून होते, की जखम सुकू द्या, मग लावा. ती रीत त्या वर्षापुरती खरी ठरली होती. आता आई स्वतःबद्दल दुसरी रीत सांगत होती.

तिने जायच्या आदल्या रात्री ठरवलेलं सांगितलं. महिन्यातले पंधरा दिवस पुणे, पंधरा दिवस गाव. घराला कुलूप लागणार नाही. शेत वाट्याने द्यायचं, पण बांधावर जाऊन बघणार तीच. एसटीला अर्धं तिकीट. पुण्यात असताना घरखर्चाला हात लावणार, फुकट बसणार नाही. भावाला फोन तिनेच केला. तो पलीकडून बरंच बोलला असावा. आई शेवटी म्हणाली, “गुटी बांधलीय म्हण. हलवू नगंस.”

*

याला आता वर्ष उलटून गेलंय. सोसायटीच्या भजनी मंडळात तिला जागा मिळाली आहे. रविवारच्या बाजारात मंगळवेढ्याची ज्वारी विकणारा एक जण तिच्या माहेरच्या ओळखीचा निघाला. वॉचमनच्या बायकोचं बीपी ती स्वतःच्या मशीनवर मोजते. काकांचं अजूनही म्हणणं आहे, की असं किती दिवस हेलपाटे घालणार. प्रश्न बरोबर आहे. गुडघे दुखतात, घाटातल्या रस्त्यावर तिला मळमळतं, आणि गुटीला मुळं भरली की कधीतरी खालून कापावंच लागतं. तिला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मागच्या महिन्यात तिच्या गुडघ्याला तेल लावताना मी विचारलं, “मुळं कुठल्या रंगाची झाली?”

तिने जरा विचार केला. “पांढरीच हायती अजून,” म्हणाली.

एकोणतीस रोपांतली चोवीस आज आहेत. वाटाण्याहून मोठी झाली आहेत. अंगावर ॲस्ट्रोफायटमचे पांढरे ठिपके उमटलेत. सांगोल्याला जाताना तिने त्यातली तीन मागून घेतली. पेढ्याच्या खोक्यात कापूस घालून मांडीवर ठेवून नेली. काटे घरात नकोतच, म्हणून परड्यात डाळिंबाच्या झाडाखाली ठेवणार होती, जिथे दुपारचं ऊन लागत नाही.

परवा रात्री नऊला फोन यायच्या आधीच व्हॉट्सॲपवर फोटो आला. तीन कुंड्या, मागे डाळिंबाचं खोड, कडेला तिचा अंगठा. खाली तिने बोलून टाइप केलेलं: पानी घातलेलं न्हाई, काळजी करू नकोस.